कोयनानगरला दहावीच्या बॅचचा मेळावा: पटाच्या यादीपासून पंगतीपर्यंत

हेळवाक फाटा (धागा सुरू करणारा)

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या गावांचं गणित वेगळं असतं. कराड-साताऱ्यात शाळा सुटली तरी घर तिथंच राहतं, सणावाराला जाणं-येणं राहतं. कोयनानगर, पोफळी, अलोरे इथं घरच सरकारी. वडिलांची बदली झाली की क्वार्टरची किल्ली जमा, सामान ट्रकमध्ये आणि जूनला पोरं दुसऱ्याच शाळेत. चौथ्या टप्प्याचं काम उरकत आलं (पहिलं लेक टॅपिंग, म्हणजे जलाशयाच्या तळाशी छेद घेऊन पाणी बोगद्यात घेणं, मार्च १९९९ चं) तशा वसाहती आणखी रिकाम्या होत गेल्या. त्यामुळे तिथं परत जाऊन जुनी मंडळी गोळा करायची तर 'ग्रुपवर तारीख टाकली की झालं' असं होत नाही.

१९९१ ची दहावी डोळ्यापुढे ठेवून हा धागा काढतोय. दोन तुकड्या, ८४ नावं, त्यातली ग्रुपवर ४६. मेळावा येत्या जानेवारीत. माणसं शोधण्याबद्दल जी माहिती पक्की आहे ती आधी मांडतो, बाकीच्यांनी भर घालावी.

सुरुवात शाळेतल्या जनरल रजिस्टरपासून करा. हे कायम जपायचं दप्तर असतं, त्यामुळे पस्तीस वर्षांनीही मिळतं. त्यात जन्मतारीख, जात, सगळंच असतं, म्हणून झेरॉक्स मागू नका. मुख्याध्यापक देणार नाहीत आणि देऊही नये. अर्जात नेमकं लिहा: 'फक्त नावे, मूळ गाव व शाळा सोडल्याचा शेरा उतरवून घेण्याची परवानगी मिळावी.' खाली चौघा-पाच जणांच्या सह्या, प्रत्येकाच्या नावापुढे दहावीचं वर्ष. जायचं दोघांनी, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. जून-जुलैत दाखल्यांची गर्दी असते, तेव्हा जाऊ नका. ऑगस्टमध्ये ऑफिसला जरा उसंत असते.

इथं बहुतेक बॅचेस एक चूक करतात. यादी फक्त दहावीची उतरवतात. पाचवीपासून सोबत असलेला मुलगा आठवीत बदलीमुळे गेला, एखादी मुलगी नववीत नापास होऊन घरी बसली, यांची नावं दहावीच्या पटावर नसतात. यादी पाचवीच्या वर्गापासून करा. ८४ चे सव्वाशे होतील, पण खरी बॅच तीच. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'वडिलांची बदली' आणि कधीकधी गावाचं नावही असतं. पुढचा माग तिथून लागतो.

दुसरं साधन वर्गाचा फोटो. काचेच्या फ्रेममधला फोटो मोबाईलवर काढला की चमक येते. फ्रेम उघडून फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. प्रत्येक चेहऱ्यावर क्रमांक टाका, पहिल्या रांगेला १०१ पासून, दुसरीला २०१ पासून. मग फोनवर बोलताना 'तो मागचा उंच' असं होत नाही, '२०७ कोण?' एवढं विचारता येतं. एका क्रमांकाला दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितलं तरच ते पक्कं धरा.

---

बाकावरची

मुलींचं नीट बोलू या, कारण यादी तिथंच अडते. माहेरच्या नावाने समाजमाध्यमांवर शोधून बहुतेकींचा पत्ता लागत नाही. आडनाव तर बदलतंच, त्या पिढीत लग्नात पहिलं नावही बदलण्याची रीत होती. शाळेतली संगीता सासरी अश्विनी असते. म्हणून शोध सासरकडून नव्हे, माहेरून. माहेरचं गाव पटावर आहे. तिथली अंगणवाडी सेविका किंवा आशाताई यांना गावातली कुठली लेक कुठं दिली हे बहुधा ठाऊक असतं. भाऊ भेटला तर वहिनीशी बोला, नणंदेचा चालू नंबर तिच्याकडे असतो.

पहिला फोन बाईनेच बाईला करायचा. दुपारी दोन ते चार. 'आपल्या वर्गातली अमुक बोलतेय' इथून सुरुवात, आणि लगेच घरच्यांशी बोलायची तयारी. न विचारता ग्रुपमध्ये घालायचं नाही. नंबर एकदम ऐंशी जणांना दिसतो, पहाटेपासून फुलांचे फोटो सुरू होतात आणि घरात फोन एकच असेल तर तो मुलाच्या हातात असतो. तिसऱ्या दिवशी ती बाहेर पडते आणि मेळाव्यालाही येत नाही. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी फक्त सूचनांचा वेगळा ग्रुप ठेवा, ज्यात दोघेच लिहू शकतील. ग्रुपच नको असेल तर एक मैत्रीण ठरवून द्या, ती दर पंधरवड्याला फोन करेल.

निमंत्रण छापील हवं, पोस्टाने, तिच्या आत्ताच्या नावाने आणि कंसात शाळेतलं नाव. ते पत्र घरात दाखवता येतं. त्यात सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, कराड किंवा चिपळूणहून कुणाच्या गाडीत जागा आहे, मुक्काम न करता परत फिरता येईल का, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. 'दिवसभर धमाल' असं लिहिलंत तर निम्म्या जणींना परवानगी मिळणार नाही. सकाळी साडेदहा ते दुपारी साडेचार हा मुख्य कार्यक्रम ठेवा. मुक्काम, गप्पा, गाणी ज्यांना जमेल त्यांना.

---

घणसोली स्टॉप

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय. खेड्यांतल्या मुलांबद्दल सांगतो. वसाहतीतली पोरं आणि आसपासच्या वाड्यांवरून चालत येणारी पोरं, अशी ती शाळा होती. ग्रुपवर वसाहतीतली मंडळी पटकन जमतात. वाड्यांवरची निम्मी मुंबईला, आणि पाटण तालुक्यातला मुंबईकर म्हटलं की माथाडी आलाच. घणसोली, कोपरखैरणे, वाशीचा बाजार. त्यांना शोधायचं तर गावाचं मुंबई मंडळ गाठा. बहुतेक गावांचं मंडळ असतं, त्यांच्याकडे वर्गणीची वही असते आणि वहीत माणूस सापडतो. अध्यक्षांना भेटायला संध्याकाळी सातनंतर जा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माथाडीचं काम हजेरीवर, गेलं नाही तर त्या दिवसाची कमाई नाही. मुख्य कार्यक्रम शनिवारी ठेवलात तर ही मंडळी येणार नाहीत, रविवारीच हवा. दुसरं, गावची जत्रा. मुंबईकर वर्षातून एकदा हमखास गावी असतो तो जत्रेला. तुमच्या पट्ट्यातल्या पाच-सहा गावांच्या जत्रांच्या तारखा आधी विचारून घ्या. जत्रेच्या दिवशीच मेळावा ठेवू नका, घरी पाहुणे असतात. आदल्या किंवा नंतरच्या रविवारी ठेवलात तर तो येतो. जानेवारीत जमत नसेल तर चैत्र-वैशाखातला असा एक रविवार हाही विचार करा.

---

कुंभार्ली

तारखेबद्दल. जून ते सप्टेंबर विचारच नको. कोयनेला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घाटात दरड, धुकं, आणि मांडव कितीही बांधा, टिकत नाही. ऑक्टोबरात दुपारनंतर विजा आणि परतीचा पाऊस. दिवाळीत बाया मोकळ्या नसतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू, पण रविवार शोधला तर सापडतो. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षा, शाळा मिळणार नाही. मे महिन्यात खोल्या महाग आणि उकाडा.

म्हणून नोव्हेंबरअखेर किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा. डिसेंबरही चांगला, फक्त ११ तारीख टाळा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात त्या खोऱ्यात घरं पडली, माणसं गेली. तुमच्या बॅचचा तेव्हा जन्म नव्हता, पण मावशी-काकांच्या घरात तो दिवस अजून आहे. त्या दिवशी तिथं गाणी वाजवू नयेत. २६ जानेवारीला झेंडावंदनाला शाळेत हजर राहणं छान वाटतं, पण सुट्टी जोडून आली की पर्यटकांची गर्दी होते आणि खोल्या मिळत नाहीत.

येण्याचे रस्ते दोन. कराडहून मल्हारपेठ, पाटण करत वर, साधारण दोन तास धरा. चिपळूणहून पोफळी आणि कुंभार्ली घाट चढून, तेवढाच वेळ. रेल्वेने येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, एसटी स्टँडपासून बाजूला, चिपळूणचंही गावाबाहेर. पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्यांना रिक्षा हवी, नाहीतर तासभर तिथंच जातो. रात्री घाट नको, अवजड गाड्या वळणावर पूर्ण रस्ता घेतात.

तीस-चाळीस जण एकाच ठिकाणाहून येणार असतील तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. आगारात अर्ज, जाण्या-येण्याचे किलोमीटर, थांबण्याचे तास लिहून द्यायचे आणि अनामत भरायची. लग्नाच्या तिथीला गाड्या शिल्लक नसतात, महिनाभर आधी जा. करारावरच्या नव्हे, नेहमीच्या एसटीने येणाऱ्या महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना पूर्ण सवलत आहे, पण ओळखीचा कोणता पुरावा लागतो ते आगारात विचारून घ्या. हे निमंत्रणाखाली एका ओळीत छापा, जुन्या सरांना उपयोग होतो.

---

जमाखर्च

वर्गणी कशी काढायची ते उदाहरणाने सांगतो. बहुतेक जण एकूण खर्च भागिले नावं करतात आणि शेवटी तीन-चार जणांच्या खिशाला खार लागतो.

खर्च आधी दोन भागांत फोडा. माणसं कमी-जास्त झाली तरी न बदलणारा: मांडव, माईक, खुर्च्या, छपाई, फोटोग्राफर, सरांच्या गाड्या. समजा ४८,००० रुपये. आणि माणशी: दोन वेळचा चहा, नाश्ता, जेवण, पाणी. समजा ९०० रुपये.

नावं आली ८०. दहातले दोघे शेवटच्या आठवड्यात गळतात असंच धरून चाला. आजारपण, मुलीला पाहायला पाहुणे, साहेबांनी रजा नाकारली. म्हणजे ६४ धरा. ४८,००० भागिले ६४ म्हणजे ७५०. त्यात माणशी ९०० मिळवले की १,६५०. आता दहा शिक्षक-शिपाई पाहुणे, त्यांचं ९,००० भागिले ६४, साधारण १४०. झाले १,७९०. वर्गणी १,८०० ठेवा. ऐंशीच्या ऐंशी आले तर ७५० गुणिले १६ म्हणजे १२,००० च्या वर शिल्लक राहील, ती शाळेला. कमी पडून मागण्यापेक्षा उरलेलं देणं केव्हाही बरं.

खातं कुणा एकाच्या दुकानाचं नको. दोघांच्या नावे संयुक्त बचत खातं, पैसे काढायला दोघांची सही. मेळाव्याच्या ३० दिवस आधी वर्गणी बंद. नंतर येणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, पण जेवणाचा आकडा आठ दिवस आधी आचाऱ्याला पक्का द्यावा लागतो हे सगळ्यांना माहीत हवं. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत पूर्ण हिशेब, पावत्यांच्या फोटोंसकट.

कुणी पैसे भरले ते रोज नावानिशी ग्रुपवर टाका, बाकीचेही पटापट भरतात.

---

घणसोली स्टॉप

@जमाखर्च, सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. नावानिशी यादी टाकलीत की ज्याच्याकडे १,८०० नाहीत तो माणूस गप्पच बसतो. तो 'पैसे नाहीत' असं लिहिणार नाही, 'त्या दिवशी काम आहे' असं लिहील. ज्याला भेटायला एवढ्या लांब जायचं तोच येणार नाही.

---

जमाखर्च

मान्य. बदल असा करा: प्रत्येक जमेला पावती क्रमांक. रोज रात्री ग्रुपवर फक्त 'पावती १ ते ३७, एकूण ६६,६००' एवढंच. ज्याने भरले त्याला त्याचा क्रमांक वैयक्तिक कळवायचा, म्हणजे तपासताही येतं. ज्यांना जमतं त्यांना 'एक जास्तीची पावती घेणार का' असं खासगीत विचारायचं. त्या पावत्या कुणासाठी वापरल्या हे फक्त खजिनदार दोघांना माहीत. तिसऱ्याला कधीच नाही, कार्यक्रमानंतरही नाही.

---

खडूफळा

शिक्षकांबद्दल लिहितो. १९९१ ला जे पन्नाशीत होते ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. निमंत्रणपत्रिकेवर नावं छापण्याआधी प्रत्येकाच्या घरी फोन करा. गेलेल्या सरांचं नाव 'प्रमुख उपस्थिती'त छापलं गेलं तर ती पत्रिका त्यांच्या घरी पोचते, आणि मग माफीला काही अर्थ राहत नाही. निवृत्त शिक्षकांचे पत्ते शाळेपेक्षा तालुक्यातल्या पेन्शनर मंडळींकडे ताजे असतात. अभियंत्यांच्या मुलांचा माग वडिलांच्या बरोबरीच्या निवृत्तांकडूनही लागतो. वीज मंडळाचे २००५ मध्ये भाग झाले तरी निवृत्त मंडळी एकमेकांना धरून आहेत.

एका शिक्षकामागे एक विद्यार्थी नेमा. घरून आणणं, औषधाची वेळ विचारून घेणं, घरी सोडणं, सगळं त्याच्याकडे. त्या दिवशी त्याला दुसरं काम नको. बसायला हाताची खुर्ची, प्लास्टिकची हलकी नको, उठताना ती मागे सरकते. व्यासपीठाला पायऱ्या असतील तर सरांना वर नेऊ नका, आपण खाली या. कमोडची सोय शाळेत नसेल तर जवळच्या कुणाच्या घरी आधी सांगून ठेवा. यावाचून कित्येक वृद्ध शिक्षक 'तब्येत बरी नाही' म्हणून येत नाहीत. खरं कारण ते सांगत नाहीत.

सत्कार कार्यक्रमाच्या सुरुवातीला, पाऊण तासात आटोपला पाहिजे. दहा जण असतील तर प्रत्येकी चार मिनिटं होतात. शाल आणि फूल पुरे. नारळ वयस्कर हातांना जड होतो आणि घरी एकट्याने फोडवतही नाही. शिपाई, क्लार्क, प्रयोगशाळेतले काका यांचा सत्कार त्याच रांगेत, नंतर वेगळा नाही. त्यांची पूर्ण नावं शोधा. 'शिपाईमामा' एवढंच म्हणून भागत नाही.

हळदीकुंकू, ओटी, ओवाळणी ठेवू नका. पन्नाशीच्या बॅचमध्ये विधवा मैत्रिणी असणारच, निवृत्त बाईंपैकीही असतील. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आपल्या एका दिवसाच्या कार्यक्रमात तरी तेवढं पाळता येईल. दारात प्रत्येकीला एक गजरा किंवा एक गुलाब, सगळ्यांना सारखा.

साडेबाराला सरांची पानं आधी वाढा. मधुमेही माणसाला दीडपर्यंत भाषणं ऐकवू नका.

---

चूलखंड

१०० पानांचं मोजमाप देते, शाकाहारी, घरगुती पद्धतीचं. तांदूळ ११ किलो (मसालेभात असेल तर ९, कारण पोळी-पुरी जास्त जाते). वरणाला तूरडाळ साडेतीन ते चार किलो. पुऱ्यांना कणीक १० किलो. रस्सा भाजी आणि सुकी भाजी प्रत्येकी १२ किलो चिरलेला माल. श्रीखंड १२ किलो. कोशिंबिरीला काकडी ६ किलो आणि दही २ किलो.

पण कोयनेच्या खोऱ्यात जाऊन श्रीखंड-पुरीच खायची का? उडदाचं घुटं आणि भाकरी ठेवा. लोक शहरातून येतात ते या वासासाठी. घुट्याला १०० माणसांना साडेतीन किलो सालीचे उडीद. ते आधी खरपूस भाजून भरडले नाहीत तर घुटं चिकट होतं. शिजल्यावर रवीने घोटायचं, मिक्सरला लावायचं नाही. आलं-लसूण-मिरचीचं वाटण सढळ, फोडणी शेवटी. थंड झालं की ते खिरीसारखं घट्ट होतं, म्हणून शेजारी आधणाचं पाणी तयार हवं.

भाकरीत फसगत होते. बाहेरगावचा आचारी १५० भाकऱ्या गरम वाढू शकत नाही. पहाटे करून टोपलीत ठेवतो आणि दुपारी त्यांचं चामडं होतं. गावातल्या बचत गटाला द्या. एक किलो पिठाच्या आठ ते नऊ होतात, म्हणजे १८ किलो पीठ धरा. तीन चुली, सहा बाया, साडेअकराला सुरुवात, पंगत बसेपर्यंत आणि बसल्यावरही चालू. पीठ दळून चार दिवसांच्या आतलं हवं. जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरते. पीठ-सरपणाचे पैसे आधी द्या आणि मजुरी त्याच संध्याकाळी, हिशेबाच्या बैठकीपर्यंत थांबवू नका.

चहा: १०० जणांना एका वेळी ८ लिटर. दूध ५, पाणी साडेतीन (आटणं धरून), चहा पावडर पाव किलो, साखर ९०० ग्रॅम. वेगळा बिनसाखरेचा २ लिटर, त्या किटलीला लाल दोरी बांधा, नाहीतर गोंधळ होतो. पिण्याचं पाणी २० लिटरचे १२ जार.

मटण ठेवायचं असेल तर आदल्या रात्री मुक्कामी मंडळींसाठी. शाळेच्या आवारात नको. दारूही नको, ना आवारात ना परतीच्या गाडीत. पुढे घाट आहे.

---

नव्याने आलो

वसाहतीतली जुनी क्वार्टर्स आणि धरण पाहायचा कार्यक्रम ठेवता येईल का? बऱ्याच जणांची तीच इच्छा दिसते.

---

शिवसागर काठ

येईल, पण दोन्हींचे नियम वेगळे.

धरणाच्या भिंतीवर मोकळं जाता येत नाही. धरण व्यवस्थापनाकडे नावांची यादी आणि ओळखपत्रांसह लेखी अर्ज करावा लागतो. परवानगी मिळाली तर मिळाली, म्हणून पत्रिकेत 'धरण दर्शन' छापू नका. ड्रोन तर आणूच नका, फोटोग्राफरलाही आधी बजावा. पोफळीचं भूमिगत वीजगृह त्याहून कडक. नेहरू उद्यानातून धरण छान दिसतं, समूहाला ते सोपं. उद्यानाची वेळ आदल्या आठवड्यात फोनवर विचारून घ्या.

क्वार्टर्सचं जास्त सांभाळा. रिकाम्या घरांच्या वाशांना वाळवी लागलेली असते, कौलं सुटलेली असतात, आत मधमाश्यांची पोळी. सगळे भावनेच्या भरात 'आमची खोली बघू' म्हणून आत शिरतात. आत जायचं नाही, अंगणातून बघायचं, हे गाडीतून उतरण्याआधी सांगा. जिथं अजून कुणी राहतं तिथं विचारल्याशिवाय फोटो नको. हिवाळ्यात आणखी एक: कुंपणाच्या वेलींवर खाजकुइलीच्या शेंगा याच दिवसांत वाळतात. वाऱ्यानेसुद्धा त्यांची कूस (खाज आणणारी बारीक लव) अंगावर येते. नुसतं हाताने चोळलं की ती आणखी पसरते. आधी चिकटपट्टीने कूस उचलायची, मग साबणपाणी. पूर्ण बाह्या, बंद बूट, आणि आयोजकांच्या पिशवीत रुंद चिकटपट्टीचं एक रीळ.

जुना नकाशा कुणाकडे नसतो. एका मोठ्या कागदावर रस्ता, शाळा, दवाखाना, बाजार एवढं काढून मांडवात टांगा आणि प्रत्येकाला आपल्या घराचा टाईप आणि क्रमांक त्यावर लिहायला सांगा. वाड्यांवरच्या मुलांनाही आपली वाडी आणि चालत येण्याची वाट काढायला सांगा, नाहीतर तो नुसता वसाहतीचाच कागद होतो. फेरफटक्याला निघताना तोच कागद उपयोगी पडतो. मोबाईलची रेंज दरीत भरवशाची नाही, त्यामुळे वेळापत्रक, गाड्यांचे क्रमांक, चालकांचे नंबर कागदावर छापून प्रत्येक गाडीत ठेवा.

हा भाग व्याघ्र प्रकल्पाच्या लगत आहे (कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प). संध्याकाळनंतर तळ्याकाठी भटकंती, शेकोटी, मोठे स्पीकर नकोत. माईक तसाही रात्री दहाला बंद.

---

बाकावरची

ओळख परेडबद्दल. 'नाव, हुद्दा, मुलं काय करतात' असं प्रत्येकाने माईकवर सांगायचं, हे कृपा करून ठेवू नका. पहिला अमेरिकेतला, दुसरा कार्यकारी अभियंता, आणि तिसऱ्या क्रमांकावर शेतात राबणारी मैत्रीण उभी राहते. तिचा आवाजच फुटत नाही. वेळेचंही बघा: ७० जण, प्रत्येकी दीड मिनिट म्हटलं तरी १०५ मिनिटं, आणि दीड मिनिटात कुणीच थांबत नाही.

त्याऐवजी आठ-आठ जणांचे गोल, बाकांनुसार. सांगायचं एवढंच: शाळेतलं नाव, बाकावर शेजारी कोण होतं, शाळेला कुठून यायचो. वीस मिनिटांनी गोल बदला. असे चार फेरे झाले की प्रत्येक जण साधारण अठ्ठावीस जणांना भेटलेला असतो, माईकशिवाय.

बिल्ला दोन्ही बाजूंनी छापा, दोरीवर तो हमखास उलटा होतो. पहिलं नाव ४८ पॉईंट, हातभरावरून चष्म्याशिवाय वाचता यावं. खाली शाळेतलं आडनाव, मग बारीक अक्षरात आत्ताचं. कोपऱ्यात वर्गाच्या फोटोतला तोच चेहरा कापून. पद, कंपनी काही नको.

---

खडूफळा

शाळेला भेट द्यायची तर आधी विचारा, मग विकत घ्या. बॅचेस पाण्याचं यंत्र देतात आणि वर्षभरात ते बंद पडतं, कारण फिल्टर बदलण्याचा खर्च कुणी धरलेला नसतो. त्यातही आरओ (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) देतात. सह्याद्रीतलं पाणी बहुधा मऊ असतं. आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा, तो ५०० च्या आत असेल तर आरओची गरज नाही, उलट बरंचसं पाणी वाया जातं. गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) पुरे. पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे सोबत द्या. रक्कम धनादेशाने, संस्थेच्या नावे, पावती घेऊन. कोनशिलेवर बॅचचं वर्ष पुरे, देणाऱ्यांची नावं नकोत.

---

हेळवाक फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. तारीख रविवारची आणि यादी पाचवीपासूनची, हे दोन बदल आजच केले. पावती क्रमांकांची पद्धतही. एक राहिलं: बॅचमधले सहा जण आता नाहीत. आणि एक मित्र गावातच आहे, पक्षाघातानंतर उठता येत नाही. या दोन्हींचं कसं करावं?

---

पाटणकडची

गेलेल्यांची खात्री दोन ठिकाणांहून करा, त्यातलं एक घरचंच हवं. ऐकीव माहितीवर जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिल्याचे प्रसंग घडतात. घरच्यांना विचारून फोटो घ्या, आणि ते नको म्हणाले तर फक्त नाव. सहाही फोटो एकाच आकाराचे, एकाच चौकटीत, एक हार. नावं हजेरीच्या क्रमाने, वर्गशिक्षकांनी किंवा त्यांच्या जागी कुणी मोठ्याने वाचायची, मग दोन मिनिटं उभं राहणं. हे दिवा लावल्यावर लगेच, सत्काराच्या आधी. मध्ये किंवा शेवटी ठेवलं तर पुढचं काही सुचत नाही आणि लोक निघायला लागतात. घरच्यांना निमंत्रण जरूर द्या, पण बोलायचा आग्रह करू नका.

गावातल्या मित्राकडे सगळी फौज नेऊ नका. घरातल्या बाईवर सत्तर जणांच्या चहाचा भार पडतो आणि त्याला तशा अवस्थेत सगळ्यांसमोर यायचं नसतं. आधी त्याच्या बायकोला फोन करून वेळ विचारा. आंघोळ, औषध, खाणं झाल्यावर, बहुधा सकाळी दहाच्या सुमारास तो ताजा असतो. बाकावरचे दोघे आणि एखादी मैत्रीण, तिघांपेक्षा जास्त नको, अर्धा तास. चपला बाहेर काढून सरळ त्याच्या पलंगाच्या चांगल्या बाजूला बसा, म्हणजे ज्या बाजूचा हात चालतो तिकडे. त्याला हात पुढे करता येतो. बोलणं अडखळत असेल तर वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा. वर्गाचा क्रमांक टाकलेला मोठा फोटो न्या आणि त्याला बोटाने चेहरे दाखवू द्या, ओळखणं बोलण्यापेक्षा सोपं जातं. दुपारी त्याच्या घरी डबा पाठवायचा तो पंगतीतलाच, सगळ्यांबरोबरचा, घुट्यासकट. गिळायला त्रास होतो का ते आधी विचारून ठेवा, होत असेल तर घरचे सांगतील तसंच वेगळ्या भांड्यात द्या.